एट्रस्कन सोने : अंगावरचे किती आणि थडग्यासाठीचे किती?

चाफेकळी

गेल्या महिन्यात मुलीकडे इटलीला गेले होते. व्हॅटिकनच्या संग्रहालयात आम्हीही सगळ्यांसारखे सिस्टीन चॅपलसाठीच शिरलो. गर्दीत जीव घुसमटायला लागला म्हणून एक जिना चढून वर गेलो, तर तिथे ग्रेगोरियन एट्रस्कन संग्रहालय. रोमनांच्या आधी इटलीत नांदलेल्या एट्रस्कन लोकांच्या वस्तूंचे. दालनात आम्ही दोघी आणि एक पहारेकरी, बाकी कोणी नाही. समोरच्या काचेच्या कपाटात जे दिसले त्यापुढे मी जवळजवळ तासभर उभी होते.

साधारण एक फूट लांबीची सोन्याची पिन. पिन म्हणजे आपण पदराला लावतो तशीच, मागे आकडा असलेली. लॅटिनमध्ये फिबुला. वरच्या लंबगोल चकतीवर पाच सिंह चालताहेत. खालच्या पानासारख्या भागावर ओळीने बसवलेली इवलीशी बदके, प्रत्येक बदक वेगळे, उठावदार. मधल्या जागेत सोन्याचे रवे, पिठासारखे बारीक. शेजारी छातीभर पसरेल एवढा सोन्याचा पत्रा, त्यावर ठशांनी उठवलेल्या नक्षीच्या रांगाच रांगा, आणि मनगटापासून वर चढतील असे रुंद पट्ट्यांचे कडे.

हे सगळे एकाच थडग्यातले. रोमच्या वायव्येला चेर्वेतेरी गावाजवळ १८३६ साली रेगोलिनी नावाचे धर्मगुरू आणि गालास्सी नावाचे सेनाधिकारी यांनी ते उघडले, म्हणून रेगोलिनी-गालास्सी थडगे. काळ साधारण इ.स.पू. ६७५ ते ६५०. म्हणजे बुद्धाच्याही आधीचा.

माझा प्रश्न साधा आहे. एवढी मोठी पिन कोणी खरोखर लावली असेल का? की हे सगळे पुरण्यासाठीच घडवले? जाणकारांनी सांगावे. मी मराठीची निवृत्त शिक्षिका, या विषयातले मला काही कळत नाही. पण त्या बदकांवरून मन हलत नाही.

तिबेरकाठ

चाफेकळीताई, बारा वर्षे रोममध्ये आहे आणि त्या दालनात अनेकदा गेलो आहे. तिथे गर्दी नसते हे अगदी खरे.

आधी थोडी पार्श्वभूमी. एट्रस्कन लोक स्वतःला रास्ना म्हणत. आर्नो आणि तिबेर या दोन नद्यांमधला प्रदेश त्यांचा. रोम लहान गाव होते तेव्हा यांची शहरे श्रीमंत होती. त्या श्रीमंतीचे मूळ मात्र सोन्यात नव्हते. त्यांच्याकडे सोन्याच्या नाव घेण्यासारख्या खाणी नव्हत्या. होते ते एल्बा बेटावरचे लोखंड आणि किनाऱ्यालगतच्या डोंगरांतले तांबे. पोपुलोनियाच्या किनाऱ्यावर त्यांच्या भट्ट्यांमधल्या मळीचे इतके ढीग पडले होते की विसाव्या शतकात त्या मळीतून पुन्हा लोखंड काढले गेले. फिनिशियन आणि ग्रीक व्यापारी हा धातू न्यायला येत. सोने, हस्तिदंत आणि सोबत कारागिरी त्या व्यापारातून आली. सिंह हा इटलीतला प्राणी नाही, तरी तुमच्या पिनेवर तो आहे, कारण नक्षी पूर्वेकडून आली. बदके मात्र तिथलीच, त्याच्या आधीच्या काळातल्या कांस्याच्या वस्तूंवरही ती दिसतात.

थडगे लुटले कसे गेले नाही, तेही सांगतो. मूळ मातीच्या उंचवट्याभोवती पुढच्या पिढ्यांनी आणखी मोठा उंचवटा रचला आणि कडेला नवी थडगी खोदली. लुटारूंनी कडेची फोडली, आतले राहून गेले.

आत दोन व्यक्ती होत्या. बाजूच्या कोनाड्यात दहन केलेल्या पुरुषाची राख, अगदी आतल्या खोलीत सोन्याने मढलेली स्त्री. चांदीच्या भांड्यांवर ‘लार्थिया’ अशी अक्षरे आहेत. सुरुवातीला सगळ्यांनी ते राणीचे नाव मानले. पुढे भाषा जास्त समजली तेव्हा कळले की ती षष्ठी आहे. ‘लार्थचे’, म्हणजे लार्थ नावाच्या पुरुषाचे भांडे. त्या बाईचे नाव आपल्याला मिळालेले नाही.

तुमच्या प्रश्नावर माझे मत : ती मोठी पिन रोजची नव्हे. पत्रा पातळ आहे, नक्षी नाजूक आहे, जाड लोकरीच्या वस्त्राचा ताण तिला फार सोसणार नाही. पण याच घाटाच्या लहान फिबुला शेकड्यांनी सापडल्या आहेत. कांस्याच्या, चांदीच्या, सोन्याच्या. शिवलेले कपडे कमी आणि गुंडाळायची वस्त्रे जास्त, अशा समाजात पिन म्हणजे बटण. ती गरजेचीच वस्तू होती, सोन्यात घडवली की मान वाढत असे.

ऐरण

कोल्हापूर. चौथी पिढी सोनारकामात. मला त्या रव्यांबद्दल बोलायचे आहे, कारण फोटो मोठा करून पाहिला आणि रात्री झोप आली नाही.

रवा करणे अवघड नाही. सोन्याच्या तारेचे बारीक तुकडे करायचे, मुशीत कोळशाच्या भुकटीचा थर, त्यावर तुकडे पसरायचे, पुन्हा भुकटी, पुन्हा तुकडे, आणि तापवायचे. वितळलेला प्रत्येक तुकडा आपोआप गोल होतो, भुकटीमुळे शेजाऱ्याला चिकटत नाही. धुऊन चाळले की झाले. हे आम्हीही करतो.

अवघड आहे ते बसवणे. आम्ही डाक देऊन झाळतो. डाक म्हणजे मूळ सोन्यापेक्षा कमी उष्णतेला वितळणारी मिश्र धातू, सोबत सवागी, म्हणजे टाकणखार. रवा मोहरीएवढा असेल तर निभावते. पण रवा जितका लहान, तितकी डाक त्याच्या अंगावर चढते. दोन रव्यांमधली फट भरून जाते आणि रव्यांच्या जागी खडबडीत लेप दिसतो. एट्रस्कन कामातला सर्वांत बारीक रवा ०.१४ मिलिमीटरचा आहे असे वाचले. केसाहून फार जाड नाही हो. आणि फट मोकळी! प्रत्येक रवा एका टिंबावर टेकलेला. वेतुलोनिया या एट्रस्कन शहरातल्या कारागिरांनी तर अशा धुळीसारख्या रव्यांनी अख्खी चित्रे भरली आहेत.

डाक न देता हे होत असेल तर कसे, कोणी सांगेल का?

रसायनरंग

ऐरणदादा, मी रसायनशास्त्र शिकवतो. तुमच्या प्रश्नाचे उत्तर शोधायला एकोणिसावे शतक गेले आणि विसाव्याचाही काही भाग गेला.

रोममध्ये कास्तेल्लानी नावाचे सोनार घराणे होते. वडील फोर्तुनातो पियो, मुले अलेस्सांद्रो आणि आउगुस्तो. त्यांनी हे काम पुन्हा साधायचे म्हणून आयुष्य घातले. मार्के प्रांतात सांतांजेलो इन वादो नावाच्या आडगावात जुन्या पद्धतीचे दागिने अजून घडतात असे कळल्यावर तिथले कारागीर त्यांनी रोमला आणले. टाकणखाराऐवजी आर्सेनिकचे क्षार वापरून पाहिले, डाकेची अगदी वस्त्रगाळ पूड केली. त्यांचे दागिने सुंदर आहेत, पण पद्धत डाकेचीच राहिली आणि मूळ रव्यांची बारीकी त्यांना गाठता आली नाही.

उकल झाली १९३०च्या दशकात, इंग्लंडमध्ये लिटलडेल यांच्या हातून. तांब्याचा क्षार घ्यायचा. मॅलाकाइटचा हिरवा दगड कुटून किंवा तांब्यावरचे जंगाल. तो डिंकात किंवा सरसात कालवायचा आणि रवे त्याने चिकटवायचे. आता तापवा. १०० अंशांच्या पुढे क्षाराचे तांब्याच्या ऑक्साइडमध्ये रूपांतर होते. ६००च्या सुमारास डिंक जळून कोळसा होतो. ८५०ला तो कोळसा ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घेतो आणि रवा जिथे टेकला आहे नेमक्या त्या टिंबावर शुद्ध तांब्याचा सूक्ष्म थर उरतो. सोने १०६४ अंशांना वितळते, तांबे १०८५ला. पण दोघे एकमेकांना लागून असले की ८९०च्या आसपासच सांध्यावर वितळतात. सांधा जुळतो आणि रवा तसाच गोल राहतो. बाहेरून डाक आणलेलीच नाही, मग फट भरणार कशाने?

ग्रीक भाषेत या हिरव्या पदार्थाला ‘क्रिसोकोला’ म्हणत. शब्दशः सोन्याचा डिंक. उत्तर नावातच होते. प्लिनी या रोमन लेखकानेही सोनारांच्या या जंगालाच्या मिश्रणाची कृती लिहून ठेवली आहे. शिवाय काही तज्ज्ञांच्या मते निव्वळ उष्णता नेमकी सांभाळून, काहीही न लावताही रवे जोडले गेले असतील. सगळीकडे एकच रीत होती असे समजू नये.

ऐरण

सर, पाया पडतो. मोरचूद आणि जंगाल आमच्या दुकानात आजोबांच्या वेळेपासून असायचे, रंग चढवायला. त्याने जोड होतो हे कोणाच्या मनात आले नाही. मध्यंतरी केडीएमच्या, म्हणजे कॅडमियमच्या डाकेच्या काळात तिचा धूर आमच्या माणसांनी किती गिळला ते आठवले.

करून बघतो. वडिलांना विचारून.

दंतवैद्य_नाशिक

सोन्याच्या वापराचा विषय आहे म्हणून माझ्या व्यवसायातली गोष्ट सांगते. एट्रस्कन स्त्रिया सोन्याचे दात लावत.

अगदी नेमके सांगायचे तर दातांना सोन्याच्या पट्ट्या. शुद्ध सोन्याची काही मिलिमीटर रुंदीची पट्टी पुढच्या दातांभोवती घट्ट बसवायची. पडलेल्या दाताच्या जागी कृत्रिम किंवा तोच काढलेला दात ठेवायचा आणि बारीक खिळ्याने पट्टीला जोडायचा. आजच्या ब्रिजचे तत्त्व हेच. शुद्ध सोने मऊ, म्हणून ते बोटाने दाबूनही दाताच्या आकाराला बसते. इ.स.पू. सातव्या-सहाव्या शतकापासूनचे असे नमुने मिळाले आहेत. संख्या फार नाही, वीसच्या आसपास.

मार्शल बेकर या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञांनी ते बारकाईने तपासले. ओळख पटवता आलेले जवळपास सगळे नमुने स्त्रियांचे निघाले. त्यांचे म्हणणे असे की हा उपचार कमी आणि शृंगार जास्त होता. सोने दिसावे म्हणून काही जणींनी समोरचा चांगला दातही काढवून घेतला असावा. हे वाचून मला त्रास झाला. माझ्या खुर्चीवर बसून कोणी असे मागितले तर मी नाही म्हणेन. पण पट्टीचा दात चावायच्या कामाचा नव्हता हे मान्य करावे लागते.

ताईंच्या मूळ प्रश्नाला याचा उपयोग आहे. तोंडातले सोने केवळ थडग्यासाठी कोणी बसवत नाही. ते जिवंतपणीचेच.

जुनेपुराणे

दंतवैद्यताईंच्या प्रतिसादाला जोडून. रोमच्या बारा पाट्यांचा कायदा, इ.स.पू. ४५०च्या सुमाराचा. त्यात अंत्यविधीवरच्या उधळपट्टीला लगाम घातला आहे आणि मृतासोबत सोने ठेवू नये असे म्हटले आहे. मात्र एक सूट : ज्याचे दात सोन्याने बांधलेले आहेत, त्याला त्या सोन्यासकट पुरले वा जाळले तर गुन्हा नाही. सिसेरो या रोमन वक्त्याने हे कलम उद्धृत केल्यामुळे ते टिकले.

म्हणजे कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर दात बांधलेली माणसे होती.

चाफेकळी

मृताच्या तोंडातून सोने ओरबाडायची वेळ कोणावर येऊ नये म्हणून कायद्यात ओळ घातली! वाचून डोळ्यांत पाणी आले. माझ्या आजीच्या नाकातली नथ काढताना आत्याचा हात थरथरला होता, ते आठवले.

मोगरा_ठाणे

धागा वाचते आहे. मुलांच्या गळ्यात सोन्याचे काही घालत का ते?

तिबेरकाठ

घालत. बुला. दोन फुगीर वाट्या तोंडाला तोंड लावून केलेले पोकळ पदक. आपला ताईत डोळ्यांसमोर आणा. आत मंतरलेली वस्तू किंवा सुगंधी द्रव्य ठेवत.

रोमनांनी ही चाल एट्रस्कनांकडून घेतली. स्वतंत्र नागरिकाच्या मुलाच्या गळ्यात बुला असे. मुलगा वयात आला, मोठ्यांचा टोगा अंगावर आला की बुला काढून घरच्या देवांना वाहायची. श्रीमंताची सोन्याची, गरिबाची चामड्याची. युवेनाल या रोमन कवीने एके ठिकाणी बुलाचा उल्लेख सरळ ‘एट्रस्कन सोने’ असाच केला आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, एट्रस्कन भाषा बोलणारे उरले नसताना, त्यांचे नाव मुलांच्या गळ्यात टिकले होते.

पण एट्रस्कनांमध्ये बुला केवळ मुलांची नव्हती. मोठी माणसेही ती घालत. अमेरिकेत बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयात इ.स.पू. पाचव्या शतकातली एक बुला आहे. एका बाजूला ग्रीक पुराणकथेतला उडणारा कारागीर डेडलस, दुसऱ्या बाजूला त्याचा मुलगा इकारस, दोघांच्या हातांत सुताराची हत्यारे. वर एट्रस्कन अक्षरांत नावे : ताइत्ले आणि विकारे. आत लॅबडॅनम नावाच्या सुगंधी राळेचे अवशेष होते. गळ्यात घातल्यावर अंगाच्या उबेने वास दरवळत असणार.

जुनेपुराणे

इथे एक सांगून ठेवतो, घोटाळा नको म्हणून. आपल्याकडे तेर आणि तेलंगणातल्या कोंडापूर इथे सातवाहनकाळात रोमन नाण्यांची भाजक्या मातीतली नक्कल असलेली पदके सापडतात. गळ्यात अडकवायची सोय असलेली. पुरातत्त्वाच्या लिखाणात त्यांनाही ‘बुला’ म्हणतात. ती वेगळी वस्तू. रोमशी व्यापाराचा तो आपल्याकडचा पुरावा आहे, एट्रस्कन ताइताशी त्याचा थेट धागा जोडू नये.

निळीशाई

थोडा वेगळा सूर लावतो. दात आणि बुला मान्य. पण सोन्याची पाने गुंफलेले मुकुट पाहिलेत का? इ.स.पू. चौथ्या-तिसऱ्या शतकातले. लॉरेलची, ओकची, आयव्हीची पाने, इतक्या पातळ पत्र्याची की फुंकर मारली तर वाकतील. ते डोक्यावर ठेवून कोण चालेल? ते अंत्यविधीचेच. आणि रेगोलिनी-गालास्सीतला छातीवरचा पत्राही मला तसाच वाटतो. संग्रहालयात जे दिसते ते बहुतेक सगळे थडग्यांतून आले आहे. त्यावरून रोजच्या वापराचे चित्र रंगवणे मला धोक्याचे वाटते.

तिबेरकाठ

निळीशाई, आक्षेप योग्य आहे, आणि मुकुटांबद्दल बऱ्याच अंशी सहमत. म्हणूनच थडग्यातल्या वस्तूंपेक्षा चित्रे पाहावीत. तार्क्विनियाला ओर्को नावाचे भूमिगत थडगे आहे, इ.स.पू. चौथ्या शतकातले. भिंतीवर वेलिया नावाच्या तरुणीचा चेहरा रंगवला आहे. मेजवानीला बसलेली, डोक्यावर पानांचा मुकुट, गळ्यात दोन हार, कानात द्राक्षांच्या घोसासारखी कर्णभूषणे. अगदी तशीच सोन्याची कर्णभूषणे अनेक ठिकाणी सापडली आहेत. त्याआधीच्या सहाव्या शतकात पेटीच्या आकाराची असत, वरून कानाच्या पाळीला झाकणारी.

एट्रस्कन स्त्रिया नवऱ्याशेजारी मेजवानीला बसत, त्यांची स्वतःची नावे कोरली जात. ग्रीकांना हे फार खटके. दागिने मिरवायला जागा होती म्हणून ते घडले, असे मला वाटते.

आणि छातीवरच्या पत्र्याबद्दल तुमचे खरे असेल. पण त्याच थडग्यात वस्त्रावर टाचायचे सोन्याचे छोटे छोटे ठसेदार तुकडेही मिळाले. कापड कुजून गेले, तुकडे उरले. ती बाई सोने जडवलेल्या वस्त्रात निजली होती.

साबरमतीची_सून

लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये सेयान्ती हनुनिया त्लेस्नासा हिची शवपेटी आहे. क्युसीजवळ १८८६ला सापडलेली, इ.स.पू. १५०च्या सुमाराची. भाजक्या मातीची, रंगवलेली, झाकणावर ती स्वतः एका कुशीवर रेललेली, हातात आरसा. मुकुट, कर्णभूषणे, हार, बांगड्या, अंगठ्या, सगळे मातीत घडवून पिवळ्या रंगात रंगवले आहे. सोने नाही, सोन्याचे चित्र! आतला सांगाडाही जपला आहे. अभ्यासकांनी तो तपासला तेव्हा पन्नाशीची, तरुणपणी मोठी दुखापत झालेली, बहुधा घोड्यावरून पडून, अशी बाई समोर आली. झाकणावर मात्र ती तरुण आणि सालंकृत.

मी तिच्यापुढे दोनदा गेले आहे. ती पदर सावरते तो हात पाहा.

निळीशाई

हे माहीत नव्हते. खरे सोने वारसांकडे ठेवले आणि रंगवलेले सोबत दिले, असेही असू शकते. मग रोजचे दागिने थडग्यात न येता पुढच्या पिढीकडे गेले असतील. माझे वाक्य थोडे मागे घेतो.

पाटीपेन्सिल

लिहिलेली पिनही आहे ना एक?

जुनेपुराणे

आहे, प्रेनेस्ते इथली, आजचे पालेस्त्रिना. सोन्याच्या साध्या पिनेवर उजवीकडून डावीकडे कोरलेले वाक्य : ‘मला मानिओसने नुमासिओससाठी घडवले.’ भाषा एट्रस्कन नाही, अगदी जुनी लॅटिन आहे. गाव लॅटिन लोकांचे, पण सोनारकाम एट्रस्कन वळणाचे.

हेल्बिग या जर्मन विद्वानाने १८८७ साली ती जगापुढे आणली. पुढे शंका येत राहिल्या. १९८०मध्ये मार्गेरिता ग्वार्दुच्ची यांनी ती बनावट असल्याचे ठासून मांडले आणि पिन लबाड ठरली. २०११ला सूक्ष्मदर्शकाखाली कोरलेल्या रेषांवरचे सोन्याचे स्फटिक तपासले. ते बदल घडायला शतके लागतात, एकोणिसाव्या शतकात कोणाला ते करता आले नसते. पिन खरी निघाली. तीस वर्षे तिच्यावर आळ होता.

वस्तू स्वतःच ‘मला’ म्हणून बोलते, ही तेव्हाची रीत. लार्थच्या भांड्यांवरही ‘मी लार्थचे’ असेच आहे. गंमत म्हणजे एट्रस्कन भाषेतही ‘मी’ म्हणजे ‘मी’च. योगायोग आहे, नाते नाही.

चाफेकळी

सगळ्यांचे मनापासून आभार. आता माझी समजूत अशी झाली आहे : ती मोठी पिन बहुधा एकदाच लागली. शेवटच्या दिवशी. पण ती ज्या पिनेची थोरली बहीण, त्या पिना रोज लागत होत्या. पुढच्या वर्षी पुन्हा जाणे झाले तर रोममधले व्हिला जूलिया हे एट्रस्कन संग्रहालय पाहायचे ठरवले आहे, प्रेनेस्तेच्या बेर्नार्दिनी थडग्यातले सोने तिथे आहे म्हणतात. आणि जाताना भिंग नेणार.

ऐरण

उशिरा लिहितो आहे, सीझन होता.

करून पाहिले. कॉपर कार्बोनेट केमिकलवाल्याकडून आणले, बाभळीच्या डिंकात खलले. बावीस कॅरेटच्या पत्र्याचा नखाएवढा तुकडा, त्यावर बारा रवे. फार बारीक नाहीत, खसखशीएवढे. पहिल्या खेपेला पत्र्याची कडच वितळून गोळा झाली. दुसऱ्या खेपेला आच लवकर काढली, सगळे रवे झटकले गेले. तिसऱ्या खेपेला कोळशावर ठेवून चहूबाजूंनी हळूहळू वाढवत नेले. पत्र्यावर क्षणभर एक चमक सरकून गेल्यासारखी दिसली, त्या क्षणी ज्योत बाजूला केली.

बारापैकी नऊ टिकले. ब्रशने घासले तरी हलले नाहीत.

वडील चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, बोलत कमी. भिंग लावून तुकडा फिरवून फिरवून पाहिला. मग मला विचारले, “डाक कुठे आहे?”